दक्षिण ध्रुवावरचा ‘कमी पडलेला’ कामगार

चिंचोळी एमआयडीसीत चौदा वर्षं झाली मला. मागच्या महिन्यात इथल्या एका शेडमध्ये एका हेल्परची दोन बोटं मशीनमध्ये गेली. रिपोर्टात कारण काय, तर ‘कामगाराचा हलगर्जीपणा’. पोरगा सलग दुसरी पाळी करत होता, हे कुठंच नाही.

त्या रात्री मला एडगर इव्हान्स आठवला.

कॅप्टन स्कॉट ऐकून माहीत असेल. १७ जानेवारी १९१२ ला तो चार साथीदारांसह दक्षिण ध्रुवावर पोचला. नॉर्वेचा आमुंडसेन कुत्र्यांच्या स्लेजवरून १४ डिसेंबरलाच तिथं जाऊन आला होता. स्कॉटची माणसं मात्र स्लेज, म्हणजे बर्फावरची बिनचाकी गाडी, अंगाला पट्टे बांधून स्वतःच ओढत होती. थंडी उणे तीस अंशांच्या आसपास!

पाचांत इव्हान्स एकटाच खलाशी, बाकी सगळे साहेब. स्लेज, तंबू दुरुस्त ठेवायचं काम त्याचं. ३१ डिसेंबरला स्लेजची लांबी कमी करताना त्याचा हात कापला. परत पाठवतील म्हणून त्यानं जखम लपवली, असं अनेक अभ्यासक मानतात. खाडा पडेल म्हणून दुखणं लपवणारे आपल्याकडे कमी आहेत का?

आता हिशेब बघा. शिधा आणि तंबू चौघांच्या बेतानं, आणि स्कॉटनं ऐनवेळी माणसं नेली पाच. दिवसाला साधारण ४,५०० कॅलरी मिळायच्या. ओढणाऱ्याला ६,००० च्या वर लागतात. इव्हान्स सर्वांत धिप्पाड, पण वाटा सगळ्यांएवढाच. जखम चिघळली, नखं गळाली. १७ फेब्रुवारीला तो गेला. पुढे बाकीचे चौघंही परतले नाहीत.

जानेवारीत स्कॉटनं डायरीत इव्हान्सचं भरभरून कौतुक केलं होतं. मार्चमधल्या शेवटच्या संदेशात मात्र अपयशाच्या कारणांत त्याचं अनपेक्षित खचणंही मोजलं. १९१३ मध्ये बातमी इंग्लंडला पोचली आणि काही पेपरांनी तर त्याचं कमी शिक्षणच काढलं. शिध्याचा हिशेब कुणी मांडला, हे तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही.

मेलेला माणूस खुलासा देऊ शकत नाही. पण आपला हेल्पर जिवंत आहे. म्हणून एवढंच म्हणणं आहे: अपघाताच्या रिपोर्टात पाळी किती तासांची होती आणि मशीनला गार्ड होता का, हे दोन रकाने आधी भरा. हलगर्जीपणा कुणाचा, ते मग ठरवू.