काळीचे गाणे, पांढरीतले जाते

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. आजच्या लेखनातून ही जोडी मागे पडली आणि ‘काळी आई’ तेवढी उरली. शेतकरी स्त्रीविषयी लिहायला बसले की या आईला गहिवरून हाक मारायची, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. गहिवराशी माझे भांडण नाही. पण त्याखाली एक साधा प्रश्न दडपला जातो: ही आई कोणाच्या नावावर होती?

हा प्रश्न मनात ठेवून मी गेली काही वर्षे जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह वाचतो आहे. ओवी किती जुनी, याचा दाखला अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथकारांच्या हाती लागण्याआधी ओवी मुसळाच्या आणि खुंट्याच्या तालावर मुरलेली होती. पहाटे, घर जागे होण्याआधी, दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. एक हात फिरता, दुसरा वैरण घालणारा. सासू उठली की गाणे बदले, असे म्हाताऱ्या बायका सांगतात, आणि ते सहज पटण्यासारखे आहे. जाते पांढरीत, घराच्या आतल्या कोपऱ्यात. गाण्यात मात्र काळी.

ही काळी ओवीत फार बारकाईने येते. नांगरट, बैलांची जोडी, तिफण, लांबलेला पाऊस, भरात आलेले पीक: हे सारे लांबून पाहणाऱ्या बाईचे वर्णन नव्हे. बाईने नांगराला हात लावू नये, हा दंडक सर्वत्र होता. पण पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरायला अनेक ठिकाणी तीच लागे. खुरपणी, काढणी, उफणणी तर तिचीच. तरीही शेत कोणाचे, हे ओवी मोघम ठेवत नाही. ते बापाचे असते, भावाचे असते, पुढे धन्याचे, मग लेकाचे. तिच्या स्वतःच्या शेताची ओवी मला क्वचितच भेटली. भावाच्या शेताचे वैभव ती तोंडभरून गाते आणि त्याच्याकडे मागते ती चोळी.

या चोळीकडे आपण भावाबहिणीच्या मायेची खूण म्हणून पाहतो. ती माया खोटी नाही. पण इतिहासात चोळीचा हिशेब वेगळाही आहे. राजघराण्यांतल्या आणि सरदारघराण्यांतल्या स्त्रियांना ‘चोळी-बांगडी’साठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले दिसते. तिथे चोळी म्हणजे उत्पन्नाचे साधन. कुणब्याच्या घरी मात्र जमीन भावाकडे राही आणि बहिणीकडे खरोखरच चोळी येई. पुढे वाटा कायद्याने मिळू लागला, तेव्हा हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा देऊन साडीचोळी घेऊन परतणारी बहीण याच रिवाजात चालत होती.

याच ठिकाणी बहिणाबाई चौधरी आठवतात. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, लिहितावाचता न येणाऱ्या, ऐन तिशीत विधवा झालेल्या या बाईंनी शेतात आणि घरात राबताना गाणी रचली. लिहून घेतली ती मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका मावसभावाने. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आले. त्यांची प्रतिभा असामान्य, यात वाद नाही. पण त्यांना एकट्या चमत्कारासारखे उभे करण्यात आपण त्यांच्या भोवतीच्या हजारो जात्यांचा आवाज घालवतो. घरात लिहिणारा मुलगा होता म्हणून एक नाव उरले.

इतर नावे उरली ती फार उशिरा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागापासून सुरू केलेल्या संकलनात हजाराहून अधिक गावांतल्या लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आधीच्या बहुतेक संग्रहांत ओवी असे, गाणारी नसे. इथे ओवीसमोर तिचे नाव आणि गाव आहे. मला हे ओव्यांच्या संख्येहून मोठे वाटते. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या होत्या. खुंट्यावरचा हात सुटला होता, पाठांतर मात्र शाबूत होते.

नेमक्या याच काळात जमिनीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला भरले. पुढे शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन झाले. जळगाव जिल्ह्यातले विटनेर त्यात पुढे होते, बहिणाबाईंचाच जिल्हा. देणारा नवराच होता, आणि ऋण फेडल्याची भाषा होती, हक्काची कमी. तरी गावच्या दप्तरात बायकांची नावे चढली, हे लहान काम नव्हे.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला, केंद्राच्या आधी अकरा वर्षे. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे ध्वनिमुद्रण यंत्रापुढे बसून भावाचे शेत गाणाऱ्या जवळजवळ साऱ्याच जणी वगळल्या गेल्या. ही अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. तोवर अनेकींचे भाऊ वाटण्या करून मोकळे झाले होते.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितिधारकांमागे स्त्रिया चौदाच्या आसपास आहेत. मला आता एक काम करून पाहायचे आहे. संकलनातले एक गाव घ्यायचे, तिथल्या गाणाऱ्या बायकांची नावे उतरवायची, आणि ती यादी घेऊन तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीपाशी बसायचे.