अमात्यांचे दर्याप्रकरण

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गांविषयीचे प्रकरण आपल्याकडे इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की, त्याच्या पाठोपाठ येणारे आणि ग्रंथाचा शेवट करणारे आरमाराचे प्रकरण फारसे कोणी सावकाशीने वाचीत नाही. जे वाचतात तेही आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, एवढे तत्त्व उचलून पुढे जातात. वस्तुतः या प्रकरणाचे मोल तत्त्वात नसून तपशिलात आहे. कारण समुद्रावरील पराक्रमाची वर्णने आपल्या बखरींतून मिळतात, परंतु लाकूड कोठून आणावे, खलाशांचा पगार कोठून भागवावा आणि पावसाळ्यात जहाजे कोठे ओढावीत, हे सांगणारा मराठीतला जुना लेखक हा एकच म्हणावा लागेल.

हा लेखक दर्यावर्दी नव्हता. शिवाजी महाराजांच्या सेवेतील निळो सोनदेवांचा हा पुत्र. राजाराम महाराज जिंजीस असताना ‘हुकमतपन्हा’ या किताबाने स्वराज्याचा कारभार ज्यांनी सांभाळला त्यांतला प्रमुख, आणि घाटमाथ्यावरील बावड्याचा धनी. आज्ञापत्र लिहिले गेले १७१५ साली, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने. आणि ही मिती ध्यानात ठेवली म्हणजे प्रकरणाला एक निराळीच धार येते. दोनच वर्षांपूर्वी, १७१३ मध्ये, सरखेल कान्होजी आंग्रे बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले होते. म्हणजे कोकण किनाऱ्यावरील सर्वांत प्रबळ आरमार कोल्हापूरच्या हातून निसटल्यावर आरमार कसे असावे हे अमात्य लिहीत होते. त्यांच्या धन्याकडे उरले होते ते सिंधुदुर्ग, मालवण आणि आसपासचा किनारा. तेही पुढे १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले.

अमात्यांची पहिली चिंता जहाजाच्या आकाराची आहे. गुराबा फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात. वाऱ्यावाचून जे चालूच शकत नाही असे अवजड जहाज बांधून उपयोग नाही. आणि प्रत्येक सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत, सर्वांवर एक सरसुभा असावा, अशी त्यांची योजना. या वाक्यांमागे काय अनुभव होता हे कळण्यास परकीयाची साक्ष उपयोगी पडते. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात आंग्र्यांच्या गुराबेचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. तळ उथळ, मध्यभाग रुंद, आणि नाळ समोर लांब झेपावणारी. त्या नाळेवरून थेट पुढे मारा करता येईल अशा नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा आतल्या बाजूस बसविलेल्या, बाजूच्या तोफा त्याहून हलक्या. गलबत याच घाटाचे पण धाकटे, क्वचितच सत्तर टनांचे, एका मोठ्या तिकोनी शिडाचे आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला तरी ताशी चार मैल जाणारे.

आता शिडाच्या जहाजावर जो कधी बसला आहे त्यास या रचनेतील मर्म सांगावे लागणार नाही. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर रात्री व पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा उलट येतो, आणि दोहोंच्या संधिकाळात काही काळ दर्या निर्वात पडून राहतो. उंच बांध्याचे विलायती जहाज या अवधीत असहाय होत असे. त्याच्या तोफा दोन्ही बाजूंस, आणि तोंड वळविण्यास वारा नाही. नेमक्या अशा वेळी गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरांनी ओढून आणीत, जहाजाच्या पिच्छाडीस, जेथे त्याच्या तोफा फारशा लागू पडत नाहीत तेथे, त्या उभ्या करीत, आणि डोलकाठ्या व दोरखंड यांवर मारा सुरू होई. काठी कोसळली की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन वर चढत. उथळ तळाचा गुण निराळ्या रीतीने १६७९ मध्येच दिसला होता. खांदेरी बेटावर किल्ला उभा राहू नये म्हणून इंग्रजांनी जहाजे आणून बेट अडविले, परंतु किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून रात्रीच्या रात्री रसद नेणाऱ्या मराठी होड्यांचा पाठलाग त्यांच्या मोठ्या जहाजांना करता आला नाही, आणि किल्ला उभा राहिला.

लढाईविषयीही अमात्य सावधच बोलतात. वारा प्रतिकूल असेल तर बळ असूनही झुंज अंगावर घेऊ नये, किल्ल्याच्या आश्रयाने राहून भांडावे. शत्रूने निशाण दाखवून कौल मागितला तरी एकदम त्याच्या जवळ जाऊ नये, त्याच्या मुख्य माणसास आपल्याकडे बोलवावे. शौर्याच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हा उपदेश काहीसा फिका वाटेल. मला तो जमाखर्च पाहणाऱ्या मुत्सद्द्याचा वाटतो. गुराब एकदा बुडाली की ती पुन्हा उभी करण्यास किती सागवान, किती दिवस आणि किती द्रव्य लागते, हे ज्याला दफ्तरावरून ठाऊक आहे त्याचा.

त्या सागवानाविषयीचा मजकूर तर या प्रकरणातील सर्वांत प्रसिद्ध भाग. सागवानादी लाकूड आपल्या अरण्यांतून हुजूर परवानगीने तोडावे, उणे पडेल ते परमुलखांतून विकत आणावे. मात्र आंबा-फणस जहाजास उपयोगी असले तरी त्यांस हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. अगदी जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावे. अलीकडे या मजकुराचा गौरव वृक्षप्रेमाचा पुरावा म्हणून होतो. तो अनाठायी नाही, परंतु अमात्यांचा रोख मुख्यतः रयतेवर आहे. पावसाळ्याच्या छावणीसंबंधी तोच न्याय त्यांनी पुन्हा लावला आहे: आरमार दरसाल एकाच बंदरात ओढू नये, कारण खलाशी कितीही मर्यादेने वागले तरी त्या गावास उपद्रव झाल्यावाचून राहत नाही. आणि आरमाराच्या तनख्यास मुलूख नेमून द्यावा, बंदरच्या पैदास्तीवर तो ठेवू नये. नाहीतर वसुलीच्या ओढीने सावकारांस त्रास होतो आणि बंदर ओस पडते.

हा शेवटचा नियम आंग्र्यांच्या संसारास फारसा जुळला नाही. कान्होजींनी दस्तकाची, म्हणजे परवान्याची, पद्धत चालविली. दस्तक न घेता त्यांच्या पाण्यातून जाणारे जहाज धरले जाई. इंग्रज त्यास चाचेगिरी म्हणत. पोर्तुगीज दीडशे-दोनशे वर्षे हेच करीत आले होते आणि स्वतः इंग्रजही आपले परवाने देत होते, तेव्हा त्या शब्दाने आपण दचकण्याचे कारण नाही. परंतु आरमाराचे पोट दस्तकांवर आणि धरलेल्या जहाजांवर भरू लागले की शत्रू किती वाढतात हे कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या काळी दिसून आले. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज त्यांच्याविरुद्ध एक झाले. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन ‘केंट’, ‘कंबरलँड’ यांसारखी इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे आणि क्लाइव्हचे सैन्य घेऊन विजयदुर्गापुढे आला.

तुळाजींचे आरमार तेथे किल्ल्याखाली एकवटून उभे होते. प्रबळ शत्रू आला असता किल्ल्याचा आश्रय करावा, हे अमात्यांनीही सांगितलेच होते. पण ज्या तोफांपुढे किल्ल्याच्याच तोफा थंड पडतात त्यांची कल्पना १७१५ मध्ये बावड्याच्या माणसास नव्हती. दुपारी मारा सुरू झाल्यावर एक गरनाळी गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी कंपनीपासूनच हिसकावले होते. त्याची आग शेजारच्या जहाजांस लागली आणि थोड्याच अवधीत गुराबा, गलबते सर्व जळून गेली. ज्या राज्याचे हे सामर्थ्य होते त्या राज्याच्या पेशव्यांनीच या कामी हात दिला होता, हे वाचताना कितीही राजकीय कारणे सांगितली तरी मनाचे समाधान होत नाही.

किल्ला इंग्रजांनी त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात पेशव्यांस दिला, आणि विजयदुर्गास पेशव्यांचा आरमारी सुभा बसला. या सुभ्याच्या आनंदराव धुळपांनी ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीच्या पाण्यात कंपनीचे ‘रेंजर’ हे जहाज घेरले, तेव्हा अनेक जहाजांनी एकट्या जहाजास वेढून वर चढण्याचा तोच जुना डाव पुन्हा खेळला गेला, आणि जहाज धरून विजयदुर्गास नेण्यात आले. सालबाईचा तह तत्पूर्वीच झालेला होता. म्हणून पुढे ‘रेंजर’ आणि त्यावरील वाचलेली माणसे मुंबईस परत पाठवावी लागली.