जुनी मोटार पिकअप घेताना का अडखळते?

ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर थबकते आणि मग गचका देऊन पुढे जाते, अशी तक्रार जुन्या पेट्रोल मोटारींचे मालक नेहमी करतात. सिग्नलवर हा प्रकार केवळ त्रासदायक वाटतो. घाटात ओव्हरटेक करताना तो जिवावर बेतू शकतो. तरीही दुरुस्ती बहुधा अंदाजाने होते. एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, खर्च वाढतो आणि दोष मात्र कायम राहतो. वास्तविक गाडी नेमकी केव्हा अडखळते, हे पाहिल्यास दोषाचा माग बराचसा लागतो.

एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की इंजिनात हवा तत्काळ वाढते, पेट्रोल किंचित मागे पडते. १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या सुरुवातीच्या मोटारींसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ही तूट ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो. गाडी पहिल्याच क्षणी थबकत असेल, तर प्रथम हा पंप तपासावा. इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टर काढून थ्रॉटल हाताने उघडावा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार उडाली नाही, तर पंपाचा पडदा फाटलेला किंवा जेट तुंबलेला असण्याची शक्यता असते. या वेळी जवळपास आग वा ठिणगी नसावी.

थबकण्याबरोबर आयडलिंगही अस्थिर असेल आणि सूं असा आवाज येत असेल, तर व्हॅक्युमची नळी किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट यांतून हवा शिरत असावी. भार पडताच मिसिंग होत असेल, तर प्लग, त्यांच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅप पाहावी. प्लगच्या टोकाचा फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवितो. काळी काजळी जादा पेट्रोल दर्शविते. लांब चढावर गाडी दम टाकत असेल, तर फ्युएल फिल्टर किंवा पेट्रोल पंपाकडे वळावे. २०२५ पर्यंत देशात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वापर सर्वत्र झाल्याने जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व गॅस्केटही तपासून घेणे हिताचे ठरते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, असे असल्यास दोष इंजिनात नसून क्लच घसरत असण्याचा संभव अधिक.

इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पंप नसतो. तेथे थ्रॉटलची स्थिती व हवेचे प्रमाण मोजणारे सेन्सर स्कॅनरने तपासावे लागतात. स्कॅनरने दाखविलेला कोड हा केवळ संकेत असतो. सेन्सर बदलण्यापूर्वी त्याची वायर व जोडणी पाहणे आवश्यक असते.

तपासणी एअर फिल्टर, नळ्या, प्लग अशा स्वस्त भागांपासून सुरू करावी. एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहावी. अन्यथा दोष गेला तरी तो कशामुळे होता, हे कळत नाही.