दारूच्या परवान्यातील चौथा पक्ष

महाराष्ट्रात दारू विकण्याचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो, त्याचे नाव दारूबंदी अधिनियम असे आहे. हातकणंगले तालुक्याच्या वाट्याला हा विरोधाभास 1949 साली आला. त्या वर्षी 1 मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जूनमध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम अमलात आला. नावातली बंदी पुढे सैल होत गेली, परवाना मात्र टिकला. या परवान्यात कोणाकोणाचे म्हणणे विचारात घेतले गेले, हा आपल्या सामाजिक इतिहासाचा दुर्लक्षित धागा आहे.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्यात पक्ष दोनच होते : सरकार आणि मक्तेदार. ताडीच्या झाडांवर कर बसला, गाळपावर नियंत्रण आले, महसूल वाढला. दुकान कोणत्या वस्तीत असावे, हे वस्तीला विचारण्याची सोय त्यात नव्हती. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी 1880 मध्ये शहरातील वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. 1908 मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांसमोर पिकेटिंग झाले. कागद आणि रस्ता, शेजाऱ्याच्या हाती एवढेच मार्ग होते.

स्वातंत्र्यानंतर तिसरा पक्ष पुढे आला, तो पिणाऱ्याचा. बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये अधिनियमाचा बराच भाग वैध ठरवला, पण मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी टिकली नाही. पिण्यासाठीही परवाना लागे. ‘परमिट रूम’ हा आपल्या बोलीतला शब्द त्यातूनच आला. 1973 मध्ये देशी दारूचे स्वतंत्र नियम झाले. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर गिऱ्हाइकाला जिल्हा पातळीवर दाद मागण्याची जागा दिली. बाटलीत भेसळ निघाली किंवा छापील किमतीपेक्षा जादा पैसे घेतले, तर तो तक्रार करू शकतो. पण त्या बाटलीपायी घरखर्च बुडाला, तर घरची बाई कायद्याच्या भाषेत ‘ग्राहक’ नसते. तिने काही विकत घेतलेले नसते. तिने फक्त किंमत मोजलेली असते.

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि हुपरीच्या चांदीकामावर जगणाऱ्या या परिसरात हे लगेच उमजते. पगार होतो त्या दिवशी दुकान आणि घर यांच्यातले अंतर फार महत्त्वाचे ठरते.

या चौथ्या पक्षाला ठोस अधिकार दिला तो 25 मार्च 2008 च्या आदेशाने. गावातील किंवा वॉर्डातील 25 टक्के महिलांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला आडव्या बाटलीच्या बाजूने गेल्या, तर दुकान बंद होते.

मेख ‘निम्म्याहून अधिक’ या शब्दांत आहे. ही मोजदाद मतदानाला आलेल्यांची नसून यादीतल्या सर्व महिलांची असते. समजा, यादीत 1000 नावे आहेत आणि 600 जणी मतदानाला आल्या. त्यांतल्या 480 आडव्या बाटलीला आणि 120 उभ्या बाटलीला मिळाल्या. चौपट बहुमत असूनही दुकान चालूच राहते, कारण 501 हव्यात. कामावर गेलेली, सासरी गेलेली, यादीतून नाव न वगळलेली मयत, अशी प्रत्येक गैरहजर स्त्री हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते.

या कडक अटीमागे कारण आहे. परवानाधारकाची उपजीविका मूठभर मतांनी जाऊ नये, हे न्याय्यच. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठवावी लागली, हाही धडा आहे. पण आमदार निवडताना आपण घरी बसलेल्याचे मत कोणत्याच उमेदवाराच्या पदरात टाकत नाही. मग दुकानाच्या बाबतीतच ते का टाकायचे? मतदार यादी मतदानापूर्वी तपासून घेणे आणि कामकरी बायांना सोयीचा दिवस ठेवणे, एवढे तरी सहज शक्य आहे.

परवान्याच्या कागदावर या बाईची सही नसते. तिला मत मिळायला अबकारी कायद्यापासून 130 वर्षे लागली. ते मत नीट मोजले जाणे, हे या सुधारणेचे उरलेले काम आहे.