विदर्भ क्रिकेट संघ : वाटचाल, कर्तृत्ववान खेळाडू आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा परीघ

प्रस्तावना

रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र राज्यातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ उतरतात. यांपैकी विदर्भ संघ चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांसह अकरा जिल्ह्यांचे नाव धारण करतो. १९५७-५८ पासूनच्या साठ हंगामांत या संघाला एकदाही अंतिम फेरी गाठता आली नाही. २०१८ ते २०२५ या काळात मात्र त्याने तीन वेळा करंडक जिंकला. हे परिवर्तन कशामुळे घडले व त्याचा लाभ प्रदेशाच्या कोणत्या भागापर्यंत पोहोचला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्यपूर्व काळात नागपूर व चांदा हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात समाविष्ट होते. रणजी स्पर्धेच्या आरंभकाळात याच नावाचा संघ खेळत असे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपूर येथे झाला. तथापि त्यांच्या कर्तृत्वाला राजाश्रय लाभला तो इंदूरच्या होळकर संस्थानात. गुणवत्ता येथे जन्मावी आणि आधार अन्यत्र मिळावा, ही या प्रदेशाची जुनीच व्यथा होय.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १९५७-५८ मध्ये विदर्भ संघ रणजी स्पर्धेत उतरला. राजकीयदृष्ट्या प्रदेश पश्चिमेकडे जोडला गेला, परंतु क्रिकेटमध्ये तो मध्य विभागातच राहिला. जुन्या प्रांताची सीमा क्रिकेटच्या नकाशावर अशा रीतीने टिकून राहिली. २००२-०३ पासून स्पर्धेची एलिट व प्लेट अशी विभागणी झाल्यावर विदर्भाचे अनेक हंगाम प्लेट गटात गेले.

उत्कर्षाचा काळ

२००८ साली नागपूरजवळ जामठा येथे नवे मैदान सुरू झाले. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकादमीत सुब्रतो बॅनर्जी यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली वेगवान गोलंदाज घडू लागले. वसीम जाफर, गणेश सतीश यांसारखे अनुभवी व्यावसायिक खेळाडू बाहेरून आणण्यात आले. २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व कर्णधार फैज फजल यांनी या सामग्रीला शिस्तीची जोड दिली.

त्या हंगामात फजल यांनी ९१२ धावा केल्या. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय मिळाला. त्यात रजनीश गुरबानी यांनी १२ बळी घेतले. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी त्रिक्रमही साधला. अक्षय वाडकर यांच्या १३३ धावांमुळे विदर्भाने ५४७ पर्यंत मजल मारली आणि १ जानेवारी २०१८ रोजी ९ गडी राखून विजेतेपद मिळवले. हा सामना इंदूरच्या होळकर मैदानावर झाला. ज्या नगरीत नायडूंना आश्रय मिळाला, तेथेच त्यांच्या जन्मभूमीच्या संघाने पहिला करंडक उंचावला.

पुढील हंगामात जाफर यांनी हजारांहून अधिक धावा केल्या. अंतिम सामन्यात आदित्य सरवटे यांनी ११ बळी घेतले व सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव झाला. २०२४-२५ मध्ये वाडकर यांच्या नेतृत्वाखाली केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरे विजेतेपद मिळाले. त्या हंगामात हर्ष दुबे यांनी ६९ बळींचा नवा विक्रम नोंदवला. विशेष म्हणजे सरवटे त्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळत होते. व्यावसायिकतेचा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो, हे यावरून स्पष्ट होते.

परिघावरील प्रदेश

विदर्भातून भारतीय कसोटी संघात पोहोचलेले पहिले खेळाडू उमेश यादव हे नागपूर जिल्ह्यातील वलनी येथील कोळसा खाणकामगाराचे पुत्र होत. विशीच्या उंबरठ्यापर्यंत ते टेनिसच्या चेंडूनेच खेळत होते. २००८ मध्ये त्यांनी रणजी पदार्पण केले व २०११ मध्ये कसोटी सामना खेळला. अशाच खाणकामगारांच्या वसाहती घुग्घूस, बल्लारपूर व माजरी या चंद्रपूर जिल्ह्यातील परिसरातही आहेत. वलनी मात्र नागपूरच्या मैदानांजवळ आहे, हा भेद निर्णायक ठरतो. चंद्रपूर नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ रेल्वे पोहोचली ती केवळ वडसा भागापर्यंत; सिरोंचा तर त्याहून कितीतरी दूर. धानाची कापणी झाल्यावर रिकाम्या बांध्यांत रंगणारे टेनिस चेंडूचे सामने आणि कसोटीयोग्य खेळपट्टी यांतील अंतर केवळ किलोमीटरचे नाही. ते प्रशिक्षक, साहित्य, प्रवासखर्च व निवासव्यवस्था यांचे आहे.

समारोप

विदर्भ संघाचे यश हा योगायोग नसून मैदान, अकादमी व प्रशिक्षण यांच्या चिकाटीच्या उभारणीचे फळ आहे, असे दिसून येते. याच निष्कर्षातून पुढील जबाबदारीही सूचित होते. संस्थात्मक आधार मिळताच जो प्रदेश साठ वर्षांची उपेक्षा झटकून विजेता होतो, त्या प्रदेशाच्या दक्षिणेकडील वनपट्ट्यातही तोच नियम लागू पडावयास हवा. नायडूंना नागपूर सोडावे लागले. गडचिरोलीच्या मुलाला नागपूर गाठणे तरी शक्य व्हावे, यावर संघाच्या नावातील ‘विदर्भ’ या शब्दाची सार्थकता अवलंबून आहे.