द्वारमानाचे सूत्र : विट्रुव्हियसपासून प्राचलिक आज्ञावलीपर्यंत

एक माप बदलले असता दाराचे इतर सर्व अवयव त्यास अनुसरून आपोआप बदलावेत, हे प्राचलिक आरेखनाच्या संगणकीय आज्ञावलींचे मुख्य तत्त्व होय. हे तत्त्व सर्वस्वी आधुनिक आहे, अशी समजूत सामान्यतः आढळते. द्वारमानाचा इतिहास पाहिला असता ती अर्धीच खरी ठरते.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात मंदिरद्वाराचे नियम दिले आहेत. डोरिक पद्धतीत जमिनीपासून छतापर्यंतच्या उंचीचे साडेतीन भाग करून त्यांपैकी अडीच भाग दाराच्या उंचीस द्यावेत. त्या उंचीचे बारा भाग करून साडेपाच भाग तळाची रुंदी मानावी. चौकटीच्या उभ्या बाहीची रुंदी दाराच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाएवढी असावी. म्हणजे छत १४ फुटांवर असल्यास दार १० फूट उंच आणि तळाशी सुमारे ४.५८ फूट रुंद होईल. दार वरच्या बाजूस निमुळते असावे. परंतु हा निमुळतेपणा १६ फुटांपर्यंत बाहीच्या रुंदीच्या एक-तृतीयांश, १६ ते २५ फुटांपर्यंत एक-चतुर्थांश, २५ ते ३० फुटांपर्यंत एक-अष्टमांश घ्यावा, आणि त्याहून उंच दाराच्या बाजू सरळ ठेवाव्यात. आजच्या आज्ञावलीतील सशर्त विधानाची रचना याहून वेगळी नसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत असेच, परंतु अधिक सूचक उदाहरण मिळते. राजगृह व सेनापतिगृह यांच्या रुंदीच्या हस्तसंख्येत तिचा अकरावा भाग व ७० मिळविले असता द्वाराची अंगुलांतील उंची येते. रुंदी उंचीच्या निम्मी. उत्तम राजगृह १०८ हात रुंद, म्हणून त्याचे द्वार सुमारे १८८ अंगुले. सेनापतीचे उत्तम गृह ६४ हात, म्हणून द्वार सुमारे १४० अंगुले. घराची रुंदी चाळीस टक्क्यांनी घटली, तरी द्वार पंचवीस टक्क्यांनीच घटते. हा परिणाम ७० या स्थिर पदाचा होय. मात्र मूळ चल-राशी, म्हणजे घराची रुंदी, स्वामीच्या पदावरून व वर्णावरून ठरलेली आहे. दार त्या श्रेणीचे गणिती प्रतिबिंब ठरते.

विसाव्या शतकात हे नियम यंत्राच्या स्वाधीन झाले. इटालियन वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती याने प्राचलिक वास्तुकला ही संकल्पना मांडून १९६० साली मिलान येथील प्रदर्शनात क्रीडागारांच्या प्रतिकृती सादर केल्या. १९६३ साली आयव्हन सदरलँड याने मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत ‘स्केचपॅड’ सिद्ध केले. त्यात दोन रेषा समांतर वा समान असाव्यात असे बंधन घालता येई आणि ते यंत्र स्वतः पाळी. सॅम्युएल गाइसबर्ग याने १९८५ साली स्थापिलेल्या कंपनीच्या ‘प्रो/इंजिनियर’ने ही रीत यंत्रनिर्मितीत रुजविली. पुढे २००० साली बाजारात आलेल्या ‘रेव्हिट’मध्ये दार हे चौकट, झडप आणि भोवतालची भिंत यांच्या परस्परसंबंधांसह एकच घटक म्हणून नोंदले गेले.

येथील भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी सूत्र कारागिराच्या स्मरणात किंवा पोथीत राही. आरेखन पूर्ण झाल्यावर त्यात केवळ मापे उरत, संबंध उरत नसत. आता संबंध आरेखनातच टिकतो, म्हणून दुरुस्तीच्या वेळी तो पुन्हा शोधावा लागत नाही. परंतु कोणती राशी स्वतंत्र आणि कोणती अवलंबी, हा निर्णय आज्ञावली करीत नाही. तो आरेखक करतो. भारतातील २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुगम्य दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर असावी. ही रुंदी आधी निश्चित करून तीवरून चौकट व भिंतीतील पोकळी काढली, तर चाकाच्या खुर्चीवरील मनुष्य आत येऊ शकतो. उलट भिंतीतील पोकळीच आधी ठरविली, तर चौकट आणि उघड्या झडपेची जाडी वजा जाता जेवढे उरेल तेवढ्यावर त्यास समाधान मानावे लागते.

तात्पर्य, प्राचलांची निवड ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. विट्रुव्हियसच्या सूत्रात मंदिराची उंची, वराहमिहिराच्या सूत्रात गृहस्वामीचे पद, आणि सुगम्य दाराच्या सूत्रात येणाऱ्याचे शरीर आरंभस्थानी आहे. म्हणून एखाद्या युगाची दारे अभ्यासताना त्यांच्या मापांइतकाच त्यांच्या सूत्रातील पहिल्या राशीचा शोध घेणे अगत्याचे ठरते.