पोकर : सलग पराभव आणि डावांची चिकित्सा

‘टेक्सास होल्डम’ या पोकर प्रकारात सुरुवातीलाच सर्व रक्कम पणाला लागली, तर दोन राजांविरुद्ध दोन एक्के असलेला खेळाडूही सुमारे १८ टक्के वेळा हरतो. त्यामुळे एक-दोन सेंटच्या ऑनलाइन टेबलांवरही सलग पराभव अटळ असतात. खरे नुकसान होते ते चिडून बेताल खेळल्याने. या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. जाणकार खेळाडू ठरावीक तोट्यानंतर थांबतात. नंतर नोंदवलेले डाव तपासताना ते निकाल नव्हे, तर निर्णय पाहतात : दुबळ्या पानांवर डाव खेळले का, मोठी बोली निष्कारण स्वीकारली का? मात्र संकेतस्थळ डावाच्या रकमेतून हिस्सा कापत असल्याने बरोबरीत खेळणाराही अखेर तोट्यातच जातो. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.